धागा: खाकी कव्हर, पांढरं लेबल, बाकी काही नाही. मग चित्र कुठे काढायचं?

पोटमाळा
नववीच्या वर्गाची नियमावली समोर आहे. वह्यांचं कलम शब्दशः असं: "प्रत्येक वहीस खाकी कागदाचे कव्हर असावे. उजव्या कोपऱ्यात पांढरे लेबल असावे. कव्हरवर व वहीच्या पानांवर चित्रे, स्टिकर, रंगीत पेनने नक्षी करू नये." पंधरा वर्षांच्या चित्रकार कन्येने ते तीनदा वाचलं आणि म्हणाली, "कव्हर झालं, पानं झाली. कड राहिली." वहीच्या उघडत्या कडेवर लपलेलं चित्र काढायचं तिच्या डोक्यात आहे. वही मिटली की काही नाही, पानं तिरकी सरकवली की चित्र. जुन्या इंग्रजी पुस्तकांवर असं असतं एवढंच माहीत आहे. साध्या शालेय वहीवर जमेल का? कोणती वही, कोणते रंग, काय बिघडतं? नियम मोडायचा नाही, ही अट तिचीच.

बांधणी
जमेल, पण वही नीट निवडावी लागेल. आधी तत्त्व बघू.

वहीची पाठ घट्ट आहे आणि कडा कटिंग मशीनवर सपाट कापलेल्या आहेत. अशी वही वाकवली की आतलं पान कमी अंतर जातं, बाहेरचं जास्त, म्हणून उघड्या कडेला प्रत्येक पान शेजारच्यापेक्षा थोडं मागे राहतं. एकूण सरक म्हणजे वहीची जाडी गुणिले वाकवल्याचा कोन (रेडियनमध्ये). २०० पानी वही म्हणजे १०० कागद. आपल्या वह्यांचा कागद साधारण ५४ ते ६० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये) असतो, त्यामुळे जाडी सुमारे ८ मिमी. काटकोनात वाकवली तर सरक ८ × १.५७, म्हणजे साधारण १२.५ मिमी. तिरकी झालेली कड मोजली (नववीत पायथागोरस येतोच) तर १५ मिमीच्या आसपास भरते. मिटल्यावर ८, उघडल्यावर १५. कॅनव्हास जवळजवळ दुप्पट.

शंभर कागदांत १५ मिमी वाटले की प्रत्येक कागदाच्या वाट्याला ०.१५ मिमी. यात कागदाची जाडीही आली; पानावरची उघडी पट्टी जेमतेम ०.१२ मिमीची. चित्र या पट्ट्यांवर असतं. वही मिटली की पट्ट्या शेजारच्या पानाखाली जातात.

आता वही:
- पुठ्ठा बांधणीचं रजिस्टर सगळ्यात उत्तम. जुजबंदी शिलाई (दुमडलेल्या कागदांचे छोटे गठ्ठे दोऱ्याने एकत्र शिवलेले) असेल तर पाठ हलत नाही आणि सरक दरवेळी सारखी येते.
- मधे पिना मारलेली वही चालते, पण पिना सैल असतील तर नाही. पानं ओढून बघा, खडखडली की बाजूला ठेवा.
- स्पायरल पूर्ण बाद. तारेच्या भोकांत पान इकडेतिकडे जातं, चित्र पुन्हा कधीच जुळत नाही.
- नुसत्या गोंदाची वही दोन-चार महिन्यांत पाठीला चिरते. चिरली की चित्राचे दोन तुकडे.

चिंचगोळी
"कव्हर झालं, पानं झाली, कड राहिली." ही मुलगी वकील होणार. धागा वाचनखुणेत टाकला आहे.

तिरपी रेघ
बांधणींनी हिशेब दिला, रंगकाम मी लिहिते.

सामान: ट्यूबमधले जलरंग, ० किंवा १ नंबरचा गोल ब्रश, दोन लाकडी फुटपट्ट्या, मोठ्या आकाराच्या चार बाइंडर क्लिपा, एक लाटणं, जुनं सुती कापड, एचबी पेन्सिल.

१. लाटणं टेबलावर ठेवून त्यावर वही आडवी वाकवा, हलक्या हाताने काटकोनापर्यंत. पानांत कुठे फट दिसली तर सोडून पुन्हा वाकवा. फट राहिली तर रंग खोल आत जातो.

२. वाकलेल्या अवस्थेतच कडेपासून ५-६ मिमी आत, वर एक आणि खाली एक अशा फुटपट्ट्या लावून दोन्ही टोकांना दोन-दोन क्लिपा. एकाच बाजूला क्लिप लावली तर दुसरं टोक सैल राहतं आणि पंखा (म्हणजे सरकून उघडलेली कड) वाकडा होतो.

३. पेन्सिलीचं रेखाटन अगदी फिकट. खोडरबर वापरायचा नाही, पानांच्या कडा दुमडतात.

४. रंग. ब्रश पाण्यात बुडवा, कापडावर पूर्ण टिपा, मग रंग घ्या, पुन्हा एकदा टिपा. कागदावर टेकवल्यावर ओलेपणाची चकाकी दिसली म्हणजे पाणी जास्त झालं. पाणी जास्त झालं की रंग पानांमधून केशनलिकांसारखा आत ओढला जातो, दुसऱ्या दिवशी प्रत्येक पानाच्या समासात डाग. इथे "पानांवर चित्रे करू नये" हे कलम खरंच लागू होतं!

५. फटकाऱ्याची दिशा. तिरकी केलेली पानं कौलांसारखी एकावर एक असतात. कौलांवरून पाणी ज्या बाजूला घरंगळतं त्याच बाजूला ब्रश ओढायचा, वरच्या पानाकडून खालच्या पानाकडे. उलट ओढला की केस पानाच्या खाली घुसतात आणि रंग पोटात जातो. नव्वद टक्के बिघाड इथेच होतात (टक्के मनाचे आहेत, पण बिघाड खरा).

६. प्रत्येक रंगानंतर दहा मिनिटं थांबा. सगळं झाल्यावर क्लिपा न काढता रात्रभर ठेवा. सकाळी वही मिटवण्याआधी पानं एकदा अंगठ्याने फुलवून घ्या, चिकटलेली सुटतात.

अ‍ॅक्रिलिक वापरू नका, त्याची प्लास्टिकसारखी साय येते आणि शंभर पानांची एक फळी होते. पोस्टर रंग जाड लागला की वाळून पापुद्रे पडतात. स्केचपेन झिरपतं. जलरंगांची भीती वाटत असेल तर टोक केलेली रंगीत पेन्सिल चालते, रंग फिके येतील पण नुकसान शून्य.

लाल शाई
चित्राचा आकार लक्षात घ्या. मोठ्या वहीची कड साधारण २७ सेंमी लांब आणि उंची मिळणार दीड सेंमी. म्हणजे चेहरा, फूल, मांजर विसरा. लांबट विषय हवा: पंढरीच्या वाटेवरची दिंडी, लोकलचा डबा, किनाऱ्यावरची माडांची रांग. सगळ्यात सोपी डोंगररांग. कळसूबाईपासून अलंग-मदन-कुलंगपर्यंतची शिखररेषा काढली तर भूगोलाच्या वहीवर शोभेल.

कागदी बाण
मिटल्यावर खरंच काही दिसत नाही? की बाईंना लांबूनच रंगीत कड दिसेल?

बांधणी
चांगला प्रश्न. दिसतं, पुसट. रंग पट्टीवर लागतो तसा कागदाच्या जाडीवरही लागतोच. मिटल्यावर कडेला मळकट झाक राहते, बारकाईने पाहणाऱ्याला कळते. जुन्या बाइंडरांनी यावर सोन्याचा वर्ख लावला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या एडवर्ड्स घराण्याने ही लपवाछपवी लोकप्रिय केली: आत चित्र, वरून सोनेरी कड. त्याच्याही आधी, सोळाव्या शतकात, चेझारे वेचेल्यो या इटालियन चित्रकाराने पिल्लोने कुटुंबाच्या संग्रहातल्या पुस्तकांच्या कडा रंगवल्या होत्या, पण त्या उघड्या, मिटलेल्या पुस्तकावरच दिसणाऱ्या. तेव्हा पुस्तकं फळीवर कड बाहेर करून ठेवत, म्हणून तिथे चित्र. बोस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयात लपलेल्या चित्रांची दोनशेहून जास्त पुस्तकं आहेत.

आपल्याला सोनं नको. दोन उपाय:

पहिला, पॉलिश पेपर. वही मिटवून, कड सरळ करून, दोन फळ्यांत घट्ट दाबा आणि ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने दोन-तीनच हलके हात मारा. जाडीवरचा रंग निघतो. मोह आवरा. तुमचं चित्र प्रत्येक पानावर जेमतेम ०.१२ मिमी रुंदीचं आहे, पाचवा-सहावा हात मारलात की चित्रच भुकटी होऊन खाली पडेल.

दुसरा, शिसं. वही तशीच दाबून कडेवर ६बी पेन्सिल सगळीकडे सारखी घासा, टिश्यूने पुसा, मग स्टीलच्या चमच्याच्या पाठीने घोटा. गडद करडी, किंचित चकाकणारी कड तयार होते, तिच्याखाली काहीही लपतं. शेवटी मेणबत्तीचा तुकडा एकदाच फिरवून पुन्हा घोटायचं, म्हणजे हाताला काळं लागत नाही. मेण जास्त झालं तर पानं चिकटतात.

सातवा तास
शिक्षिका आहे, त्यामुळे दुसऱ्या बाजूने बोलते.

खाकी कव्हरचा नियम काही उगाच नसतो. महागडं चमकदार कव्हर एकाकडे आणि साधं दुसऱ्याकडे, यावरून वर्गात रुसवेफुगवे होतात. शिवाय साठ वह्यांचा गठ्ठा तपासताना सगळी लेबलं एकाच कोपऱ्यात असली की काम पटापट होतं. तुमच्या कन्येच्या उद्योगाने या दोन्हींना धक्का लागत नाही, म्हणून वैयक्तिक आक्षेप नाही. उलट नियम इतक्या बारकाईने वाचणारी मुलं मराठीच्या पेपरात उताऱ्यावरचे प्रश्न चुकवत नाहीत.

पण काही जागा स्पष्टपणे वर्ज्य ठेवा. पाठ्यपुस्तकावर नको. अनुदानित शाळांत आठवीपर्यंतची पुस्तकं मोफत मिळतात, ती पुढच्या मुलांच्या हाती जाऊ शकतात. प्रयोगवहीवर नको, तिच्यावर प्रमाणपत्र आणि सही असते. आणि बोर्डाच्या उत्तरपत्रिकेत ओळख पटेल अशी कोणतीही खूण, नक्षी, ॐ, श्री काहीही चालत नाही. तिथे "कड राहिली" हा युक्तिवाद करायला जाऊ नये.

आणखी एक. आम्ही वही तपासताना अंगठ्याने चाळतो. चाळताना वही वाकते. वाकली की तुमचं गुपित आमच्या समोर. हे कोणी लक्षात घेतलंय का?

चिंचगोळी
बाई, तुम्ही तर सगळंच फोडलंत.

तिरपी रेघ
सातवा तास, अगदी बरोबर. उपाय आहे. चित्र एकाच दिशेला वाकवल्यावर दिसतं, दुसऱ्या दिशेला वाकवलं तर पानांची दुसरी बाजू वर येते आणि ती कोरी असते. आधी वही हातात धरून नेहमीसारखी चाळा, ती कुठल्या बाजूला वाकते ते बघा, आणि चित्र त्याच्या उलट दिशेच्या पंख्यावर काढा. तपासताना कोरी कड, मुद्दाम उलटी वाकवली तर दिंडी. सराव झाला की दोन्ही दिशांना दोन वेगळी चित्रंही निघतात, पण पहिल्या वहीला नको. दुसरं चित्र काढताना पहिल्यावर हात घासतो.

शिरोरेघ
चित्राऐवजी अक्षरं काढायची असतील तर मोडी सुचवते. धावती लिपी, हात न उचलता लिहायची, आणि वर्गात वाचू शकणारं माणूस विरळा. मोडीत आधी संपूर्ण ओळीची शिरोरेघ आखतात, मग अक्षरं तिला लटकवतात. २७ सेंमीची लांब पट्टी म्हणजे मोडीच्या एका ओळीसाठीच बनल्यासारखी. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद जवळपास नसल्यामुळे नव्याने शिकणाऱ्याला वेलांट्या-उकारांचा ताप कमी. युनिकोडमध्ये मोडी २०१४ पासून आहे, त्यामुळे नमुना संगणकावर छापून घेता येतो.

बांधणी
शिरोरेघ, कल्पना झकास, पण तुमच्याच रेघेत एक सापळा आहे. पानांच्या कडांना समांतर जाणारी रेघ एकाच पानावर पडते. पुढच्या वेळी पंखा किंचित वेगळा उघडला की ते पान शेजारच्याखाली जातं आणि रेघ गायब. उभ्या रेघा सगळ्या पानांना छेदतात, त्या टिकतात. म्हणून शिरोरेघ किमान चार पानं जाड हवी, म्हणजे ०.६ मिमी. बारीक पेनाने ओढू नका, ब्रशनेच भरा. डोंगराची शिखररेषा चढउताराची असल्याने तिला हा त्रास नाही. समुद्राचं क्षितिज मात्र फसतं. लाल शाईंच्या माडांच्या रांगेला हे लागू.

लाल शाई
मान्य. क्षितिज काढून टाकून माडांचे बुंधे खालच्या कडेपर्यंत आणा, उभ्या रेघा आहेत, टिकतील.

कोयरी
कड नको असेल तर कव्हरवरच एक वाट आहे: बिनरंगाचा उठाव. शाई नाही, स्टिकर नाही.

जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्या. त्यातून आकार कापा. वारलीचे त्रिकोण, वर्तुळं उत्तम, कारण सरळ रेघा आणि मोकळी जागा. आकाराचं भोक पडलेला तो जाड कागद टेबलावर चिकटपट्टीने पक्का करा, वर खाकी कागद, कव्हरची आतली बाजू वर येईल असा. ओला स्पंज पिळून कागदावर एकदाच टेकवा. दोन मिनिटांनी, शाई संपलेल्या बॉलपेनने भोकाच्या आतल्या कडेने गोल गोल दाबत जा. वाळल्यावर उलटा. सरळ पाहिलं तर खाकी कागद, खिडकीच्या तिरप्या उजेडात तारपा नाच.

बिघाड: चकचकीत प्लास्टिक थर असलेला खाकी रोल यात निकामी, तो परत सपाट होतो. टोकदार कोपऱ्यावर जोर दिला की कागद फाटतो, त्रिकोणाची टोकं किंचित बोथट ठेवा. आकार उलटा दिसणार हे लक्षात ठेवा, अक्षरं असतील तर आरशातली कापा. आणि दप्तरात बाकीच्या वह्यांच्या दाबाखाली उठाव दीड-दोन महिन्यांत बसतो. तेवढ्यात कव्हर बदलायची वेळ आलेलीच असते.

सातवा तास
हे "कव्हरवर चित्रे करू नये" यात येतं हो, कोयरीताई. रंग नसला तरी चित्र ते चित्रच. कडेला कलम लागत नाही, उठावाला लागतं.

कोयरी
हं. हरले. मग कव्हरच्या आत दुमडल्या जाणाऱ्या पट्टीवर करा. तो भाग कव्हरवर आहे की कव्हरमध्ये, याचा निकाल मुख्याध्यापक देतील.

कागदी बाण
जरा अवांतर. नियम तंतोतंत पाळूनच नियमाची पंचाईत करण्याचं गाजलेलं उदाहरण जून २०१७ चं. इंग्लंडमध्ये एक्सेटरच्या इस्का अकॅडमीत उन्हाच्या लाटेत मुलग्यांना अर्धी चड्डी घालायला बंदी होती, पण गणवेशात स्कर्ट होता. तीसेक मुलगे स्कर्ट घालून आले. गणवेश तर बरोबर! पुढच्या वर्षापासून अर्ध्या चड्डीला परवानगी देऊ, असं शाळेला सांगावं लागलं. फरक इतकाच की तिथे सगळ्यांना दिसावं हाच हेतू होता, इथे कुणाला दिसू नये हा. मला दुसरा जास्त आवडतो.

पोटमाळा
सगळ्यांचे आभार. कन्येने धागा वाचला आणि दोन प्रश्न पाठवले आहेत. (१) वही कोरी असताना रंगवायची की भरल्यावर? (२) कडेच्या चित्रासोबत कोपऱ्यात चलत्चित्र, पानं भराभर सोडली की हलणारं, करता येईल का?

बांधणी
(१) निम्मी भरल्यावर. बॉलपेनने दाबून लिहिलं की कागदाला मागून उठाव येतो आणि वही फुगते. ८ मिमीची साडेनऊ होऊ शकते. कोऱ्या वहीवर काढलेलं चित्र मग ताणल्यासारखं, मधे फटी पडलेलं दिसतं. निम्मी भरली की बरीचशी फूग येऊन गेलेली असते. दुसरं कारण हवामान. जून-जुलैत कागद ओल धरून लाटांसारखा वळतो, अशा कडेवर सरळ रंग बसत नाही. दिवाळीच्या सुट्टीत हवाही कोरडी आणि वहीही निम्मी. त्याआधी वही दोन दिवस जड पुस्तकांखाली ठेवायची.

तिरपी रेघ
(२) येईल, पण "पानांवर चित्रे" हे कलम आडवं येतं. त्यामुळे कच्च्या वहीत, तीही शाळा तपासत नसेल तरच. कृती: शेवटच्या पानापासून सुरुवात करा. कागद पातळ असल्याने खालचं चित्र वर दिसतं, गिरवत, थोडं सरकवत पुढे या. सेकंदाला १२ चित्रं धरली तर १०० कागदांचे आठ सेकंद. खालचा उजवा कोपरा, कडेपासून ३ सेंमीच्या आत, नाहीतर चाळताना दिसत नाही. पिनांच्या वहीतलं एक पान फाडलं की त्याचं जोडीदार पान दुसऱ्या अर्ध्यातून सुटतं, म्हणजे एका फाडलेल्या पानाला चित्रपटात दोन उड्या. आणि एकाच वहीत दोन्ही नका करू. चलत्चित्र बघायला अंगठा शंभरदा कडेवरून घासतो, दिंडी महिन्यात पुसली जाईल.

चिंचगोळी
माझा शेवटचा प्रश्न. १०० पानी वही असेल तर? पन्नास कागद, म्हणजे ४ मिमी.

बांधणी
काटकोनात जेमतेम साडेसात मिमी मिळतील. आडवी मुंगी बसेल. लाटण्याभोवती वळवून अर्धवर्तुळ केलं तर १३ पर्यंत जाईल, पण बारीक वहीच्या पिना तेवढ्या वाकण्याला टिकत नाहीत. दोन वह्या पाठीला शिवून एक करणं हा मार्ग आहे: सुईने चार भोकं, जाड दोरा, वरून खादीची पट्टी.

चिंचगोळी
मग त्यावर कव्हर एक की दोन?

सातवा तास
"प्रत्येक वहीस". दोन. लेबलंही दोन.

पोटमाळा
कन्या विचारतेय, शिवल्यावर ती एक वही होते की दोन राहतात, हे नियमावलीत कुठे लिहिलंय का.